छपराच्या आतली बाजू

दुधनीच्या आसपासच्या गावांत कुणाला छप्पर शाकारायचं असलं की नागनाथला सांगावा जायचा. नागनाथ कधी एकटा जात नसे. बायको केसरबाई बरोबर असायची. शाकारणीला माणसं दोन लागतात, एक वर आणि एक आत. वरचा माणूस गवत पसरतो आणि बांबूच्या लांब सुईत ओवलेली दोरी आरपार खाली ढकलतो. आतला माणूस सुई ओढून घेतो, आडव्या काठीला वेढा देतो आणि ती परत वर सारतो. मध्ये गवत असल्यानं दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. नागनाथ वर असे. केसरबाई लग्नानंतरच्या पहिल्याच कामाला आत बसली ती बसलीच. बाईमाणसानं लोकांच्या घरावर चढू नये असं तेव्हा सगळेच म्हणत, आणि नागनाथलाही ते बरंच होतं.

वर वारा असायचा. मालक चहा वर पोचवायचा, रस्त्यानं जाणारे थांबून हाताचं कौतुक करायचे. संध्याकाळी केसरबाई बाहेर यायची ती केसांपासून पावलांपर्यंत करडी होऊन. गिरणीत दळून आलीस का दळण होऊन आलीस, असं बाया विचारायच्या. सगळ्यांबरोबर नागनाथही हसायचा.

पुढं घरोघरी पत्रे आले आणि ते काम सरलं. नागनाथनं स्वतःच्या घरावरही पत्राच घातला. केसरबाईचा खोकला मात्र गेला नाही. सोलापूरच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तोंडात ओढायचा पंप मिळाला. उन्हापासून, धुरापासून, धुळीपासून जपा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. धूळ म्हणजे रस्त्याची, असं नागनाथनं धरलं.

यंदा होळीच्या आधीच पत्रा भाजायला लागला. दुपारी केसरबाईला आत श्वास घेववेना. ती उंबऱ्यात तोंड उघडं टाकून बसून राही. नागनाथनं ठरवलं, उन्हाळा चढायच्या आत घराला लागून तिच्यासाठी छप्पर घालायचं आणि तिची बाज त्या गारव्यात न्यायची. मुलगा सतीश म्हणाला, कूलर आणू, आता गवत कुठं मिळतंय. दुपारभर लाईट नसते, मग कूलरला काय वारा घालायचा का, असं नागनाथनं त्याला उडवून लावलं.

गवत खरंच मिळेना. जुने बांध नांगरटीत गेले होते. तो ओढ्याकाठानं हिंडला, सापडेल ते कापून डोक्यावरून आणलं. कमी पडलं तिथं तोडणी झालेल्या फडातून उसाचं पाचट गोळा केलं. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं भिजवून, ठेचून त्याच्या वाखाची दोरी वळली. बाभळीच्या मेढी रोवल्या. केसरबाई उंबऱ्यातून बघायची आणि ही गाठ ढिली, ती काठी वाकडी, असं सुनावायची. पुष्कळ दिवसांनी घरात बोलणं वाढलं होतं.

शाकारायच्या दिवशी ती सवयीनं उठली आणि पदर खोचला. नागनाथनं तिला खाली बसवलं. गुडघ्यांमुळं त्याला आता चढवत नव्हतं, म्हणून सतीश वर गेला आणि नागनाथ पहिल्यांदाच आत शिरला.

पहिली सुई आली तीच भुसा घेऊन. मान वर करावी तर डोळ्यांत कचरा, तोंड उघडावं तर जिभेवर माती. पाचटाची कूस गळ्यात, कानामागं टोचायला लागली. आत वारा नव्हता. "सतीश, जरा दमानं घाल की," तो ओरडला. पुढची सुई तेवढ्याच जोरात खाली आली. हे तर नवं, कोरडं गवत होतं. लोकांची छपरं जुनी असत. वर्षानुवर्षांची काजळी आणि उंदरांची घाण केसरबाईच्या तोंडावर पडलेली होती. नागनाथच्या हातातली सुई थांबली. सतीश वरून हाका मारत राहिला.

काम पुरं झालं. छप्पर देखणं झालं, गारही झालं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर केसरबाई तिथं आडवी झाली. थोड्या वेळानं खोकला उठला, तो थांबेना. पंप दोनदा ओढावा लागला. छपरातून बारीक भुसा पडत होता, तिच्या चादरीवर त्याचा पातळ थर दिसत होता. नागनाथनं बाज उचलून परत घरात नेली, भिंतीवर पाणी मारलं आणि तिच्याजवळ बसला.

"शेळ्या बांधा तितं," ती म्हणाली. "त्यांना तरी गार वाटंल."

त्यानं मान हलवली. मग पंच्याशी चाळा करत विचारलं, "तवा कदी बोलली का न्हाईस गं?"

"बोलत हुते की," केसरबाई म्हणाली. "तुमी वर हुता. ऐकू आलं नसंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. नागनाथ उठला आणि शेळ्या आणायला गेला.