देव्हाऱ्यातले सिद्राम आजोबा

आप्पांच्या नाण्यांच्या अल्बमला रेट यावा म्हणून तू देव्हाऱ्यातलं नाणंसुद्धा नेलंस, बाळू.

आणि आज आप्पांचा हार घातलेला फोटो टाकून वर "मिस यू आप्पा"!

बहिणीचा फोन उचलत नाहीस. मेसेजला निळी खूण येते, उत्तर येत नाही. म्हणून इथं, त्या फोटोखालीच लिहिते. वाचू दे सगळ्यांना. मी चौथी शिकलेली. चुकलं तर हसा.

आज आमच्या आप्पांना जाऊन वर्ष झालं.

टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा. विडी नाही, तंबाखू नाही. नाद एकच. कुठल्या लढाईला पन्नास वर्षं झाली, पंच्याहत्तर झाली, की सरकार नाणं काढतं ना? ते मिळवायचं.

आणलं की पहिला दिवस देव्हाऱ्यात. सिद्राम आजोबांच्या शेजारी. मग अल्बममध्ये.

आई करवादायची, "देव्हारा हाय का पलटणीची बराक?"

"आसू दे की. एकलाच बसतोय त्यो. तेवढीच सोबत."

सिद्राम म्हणजे आप्पांचे चुलते. पहिल्या मोठ्या लढाईला जेऊर स्टेशनात गाडीत बसले, ते आलेच नाहीत. मढं नाही, राख नाही.

लढाई थांबून दहा वर्षं झाली तेव्हा इंग्रज साहेबानं चावडीवर त्यांच्या आईच्या हातात एक तांब्याचं नाणं ठेवलं. त्यावर राजाचं तोंड.

लढाईत गेलेल्याचा चांदीचा टाक करून देवात बसवायची आमच्या घरची रीत. चांदी कुठली? म्हातारीनं ते नाणंच बसवलं.

रोज राखेनं घासायची. कुंकू लावायची. राजाचं नाक गेलं, डोळे गेले. सगळं गुळगुळीत.

आप्पा तेव्हा लहान. म्हणाले, "आजी, ह्यो तर राजा हुता की गं."

"आसंल. आता माजा सिद्राम हाय."

ते नाणं, बाळू.

"आक्का, जाणकाराला दाखवतो, आठ दिवसांत आणून देतो," म्हणालास. मीच काढून दिलं. कुंकू पुसून, माझ्या हातानं.

आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. पण नजर देव्हाऱ्यावर.

"सिद्राम कुटं हाय?"

"सोनाराकडं दिलाय, आप्पा. उजळायला."

"त्येला काय उजळायचं ऱ्हायलंय, येडे?"

रोज विचारायचे. रोज मी सोनाराचं नाव सांगायची. शेवटचे दोन दिवस विचारलंच नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

त्यांना कळलं होतं. ते मला खातंय.

आप्पांचा अल्बम पुण्यात कुठल्याशा नाण्यांच्या प्रदर्शनात टेबलावर विकायला होता, असं गावातल्या एकानं सांगितलं. सिद्राम आजोबा त्यात नव्हते. तोंड नसलेल्या नाण्याला कोण विचारतंय? भंगारात गेलं असणार. मला कळतंय. एवढी खुळी नाही मी.

अल्बमचा पैसा तुला घे. मला नको.

आप्पा, तुमच्या पोरीनं तुम्हाला खोटं सांगून वाटेला लावलं. पाया पडते. माफी मागायला तोंड नाही.

बाळू, पितरं चालू आहेत. पुढं घट बसायचे. देव धुऊन मांडायला घेतले की ती एक जागा मोकळी दिसणार. तिथं सुपारी मांडायची, तर आजोबा दुसऱ्यांदा गेले असं आपणच म्हटल्यासारखं होतंय.

सुपारी मांडू का थांबू?

सर्वपित्री अमावास्येला दिवस मावळायच्या आत सांग.