सौंदडला माझी गाडी चुकली, त्याची गोष्ट

गेल्या सोमवारी सौंदडला माझी मुंबईची गाडी चुकली... आणि चुकली ते फार बरं झालं. चाळीतल्या मैत्रिणींनो, सगळं सांगते.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या ह्यांना इथल्या धानाच्या गिरणीत कारकुनाची नोकरी चालून आली. मुंबईत भाडं, दूध, कोळसा... महिनाअखेर जीव मेटाकुटीला यायचा. इथे गिरणीकडूनच दोन खोल्या, मागे परस, विहीर. हे तर घोड्यावर बसूनच होते.

पण माझा पाय निघेना. चाळीतली खोली एकदा सोडली की परत पागडी द्यायला पैसे कुठले? आणि खरं सांगू, त्याहून मोठी काळजी माझ्या शिलाई मशीनची होती. तुमच्या सगळ्यांच्या चोळ्या-पोलकी शिवून चार पैसे मी माझ्या हिमतीवर मिळवत होते. खेड्यात कोण शिवून घेणार? नुसती चूल फुंकत बसायची माझी तयारी नव्हती.

मग असं ठरलं, की पंधरा दिवस राहून बघायचं. हाताने फिरवायचं ते मशीन गाडीतून आणलं, ओसरीवर मांडलं आणि वाट बघत बसले.

एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले... कुणी फिरकलं नाही! भरदिवसा गावात चिटपाखरू नाही, घरोघरी कड्या लावलेल्या. संध्याकाळी बायका चिखलाने माखून परतायच्या, लांबूनच मशीनकडे बघायच्या, आपसात काहीतरी बोलायच्या आणि निघून जायच्या. ह्या मला हसतात, असंच मी धरून चालले. फार अपमान वाटला.

दहाव्या दिवशी ह्यांना सांगून टाकलं, तुम्ही राहा, मी खोली सांभाळायला जाते. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी मशीन खांद्यावर घेतलं आणि आम्ही बांधावरून स्टेशनकडे निघालो.

वाटेतल्या शेतात दहा-बारा बायका ओळीने वाकून धानाची रोपं लावत होत्या. इकडे ह्याला रोवणा म्हणतात. आम्हाला बघताच त्यांच्यातली एक उंच बाई धावत आली आणि रोपांची ओली पेंडी तिने धपकन माझ्या पायांपुढे टाकली. वाट बंद! रोवण्याच्या दिवसांत वाटसरूला असं अडवायचं आणि खुशी घेतल्याशिवाय सोडायचं नाही, अशी इथली रीत. हे मूळचे इकडचेच, कामठ्याचे, त्यांना ती माहीत होती. हसत त्यांनी खिशात हात घातला.

"भाऊ, तुमचं नाई पाह्यजे जी," ती म्हणाली. सगुणाबाई तिचं नाव. मग माझ्याकडे वळली, "मशीनवाल्या बाई, तुमी कुठं चाल्ल्या?"

"मुंबईला. इथे कुणी शिवायलाच येत नाही," मी फणकाऱ्याने म्हटलं.

सगळ्या शेतात हशा पिकला. "आता कोण येईन वो बाई? हात पाहा आमचे! या हातानं कंट्रोलचं कापड धराव का? आमी रोज तुमची मशीन पाहून राह्यलो, अन् तुमी काऊन पळून राह्यल्या?"

मी अशी वरमले म्हणता! लढाई संपली तरी कापड अजून कंट्रोलवरच, वार-दोन वार मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे काय मला माहीत नाही? पण इथे आधी धान, मग बाकी सगळं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आमच्या ह्यांच्या? वाट अडवायची रीत बरी आठवली, पण बायका का येत नाहीत ते सुचलं नाही! "दहा वर्षांचा होतो गं गाव सोडलं तेव्हा," म्हणे... तेवढ्यात तिकडे गाडीने शिट्टी दिली आणि सुटलीसुद्धा.

सगुणाबाईने खुशी काय मागितली? "बोजाऱ्यावरी थांबा." बोजारा म्हणजे रोवणा संपल्याचं जेवण, तोपर्यंत थांबायचं. थांबले.

बोजारा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सगुणाबाई न्हाऊनधुऊन दारात हजर. वर्षभर पेटीत जपलेला हिरवा तुकडा तिने माझ्या हातात दिला. "वाया नोका जाऊ देऊ जी," एवढंच म्हणाली. इतकी वर्षं शिवतेय, पण ते कापड मी दोनदा मोजलं, मगच कात्री लावली. वाकून काम करणारी बाई, हात लांब न्यावा लागणार... म्हणून काखेत एक जास्तीचा तिरपा तुकडा जोडला.

तिने आत जाऊन चोळी घातली. मग ओसरीवर येऊन खाली वाकली आणि रोपं लावतात तसे दोन्ही हात पुढे नेऊन पाहिले. एकदा, दोनदा, तीनदा. टाका हलला नाही. ती उभी राहिली आणि कुंपणाबाहेर हाक मारली, "या वो, जमते बाईले!"

बाहेर अकरा जणी कापड घेऊन उभ्या होत्या. मला रडूच आलं.

खोली सोडल्याचं पत्र काल मी माझ्या हाताने लिहिलं. पुढच्या रोवण्यात पुन्हा महिनाभर मशीन गप्प राहील, हे आता कळलंय. चालेल. तेव्हा मीच रोपं लावायला शिकेन म्हणते.

सगुणाबाई, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे मुंबईला पाठवण्याआधी मीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तुम्ही वाट अडवलीत, फार उपकार झाले.