यादी मी पाहिली होती

यशोदाअक्का गेली त्याला आता दीड महिना होईल. त्या सोमवारी तिचा पहिला तास रिकामा गेला म्हणून नववीची पोरं दंगा करत होती. मी त्यांना ओरडले आणि अक्कावरही मनातल्या मनात चडफडले, की उशीर होणार होता तर फोन करायला काय झालं होतं हिला. दुसऱ्या तासाला शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला. अक्का रविवारी साक्रीकडे गावी गेली होती. सोमवारी सकाळी धुळ्याच्या बससाठी निघताना अंगणातच छातीत कळ आली आणि संपलं. सत्तावन्न वर्षांची होती. निवृत्तीला दहा महिने राहिले होते.

चौथ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्ती, पुढच्या रांगेत संस्थेची मंडळी. अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, “कुवर मॅडम आदिवासी कोट्यातून आपल्याकडे आल्या. पण मान्य करावं लागेल, कोट्यातल्या असूनही त्या शिकवण्यात कुठं कमी पडल्या नाहीत.” अगदी भरल्या गळ्यानं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मेलेल्या बाईचं कौतुक करायचं, तेसुद्धा ‘असूनही’ म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, उठावं आणि सगळ्यांदेखत विचारावं, कोट्यातली कोण होती हो अध्यक्षसाहेब, ती की मी? पण मी उठले नाही. सव्वीस वर्षं मूग गिळून बसायची सवय झालेली, ती त्या दिवशीही सुटली नाही. म्हणून आता हे लिहिते आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेत विज्ञान-गणिताच्या दोन जागा निघाल्या. एक खुली, एक अनुसूचित जमातीसाठी राखीव. मी असोद्याची, केळी-कापसाच्या घरातली, एमएस्सी बीएड झालेली आणि त्याचा बराच तोरा असलेली. वडिलांसोबत धुळ्याला मुलाखतीला आले. बाहेर बाकावर एक काळीसावळी, ठेंगणी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, तिच्या शेजारी एक अगदी कोवळी मुलगी. दोघी साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या. मोठी यशोदा, धाकटी सुमन. दोघींची ओळख तिथंच बाकावर झालेली, तरी यशोदा तिला दरडावत होती, “घाबरू नको. येत नसेल तर येत नाही म्हण, पण मान खाली घालू नको.” संध्याकाळी ऑफिसातल्या हेडक्लार्क नानांनी गुणांची यादी फलकावर लावली, सगळ्या उमेदवारांची एकत्र. पहिली यशोदा. दुसरी मी, तिच्यापेक्षा नऊ गुणांनी मागं. पाचवी सुमन. वडील म्हणाले, “ती पहिली आली म्हणजे खुली जागा तिची. तुझं काही खरं नाही.” शेतकरी माणूस, पण साधा हिशेब त्यांना कळला होता. आम्ही तोंड पाडून जळगावची बस धरली. आठवड्यानं मला नेमणुकीचं पत्र आलं.

मी काही विचारलं नाही. कशाला विचारू? घरात पेढे वाटले. शाळेत रुजू झाले, तर यशोदाही आलेली. म्हटलं चला, दोघी लागलो, मग सुमनचं नाव डोक्यातून गेलंच. त्याच महिन्यात मी तिला अक्का म्हणायला लागले. तिचा स्वभाव काही गोड नव्हता बरं का. गेलेल्या माणसाला देव करायची आपल्याकडे पद्धत आहे, पण अक्का चांगली भांडखोर होती. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांनाही देत नसे. पोरांनी परीक्षानळी फोडली तर दुसऱ्या दिवशी घरून पालक बोलवायची आणि पालकांनाच उरलेल्या नळ्या धुवायला लावायची. नागलीची भाकरी आणि झणझणीत मिरचीचा ठेचा डब्यात आणायची, मला बळंच खायला घालायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की खो खो हसायची. पण शिकवायची अशी, की दहावीला विज्ञानात नापास झालेली पोरं तिच्याकडं पुन्हा येऊन पास होऊन जायची.

तिसऱ्या वर्षी ती सेवापुस्तकातली एक नोंद करून घ्यायला ऑफिसात गेली. नानांच्या टेबलावर बिंदुनामावली उघडी होती. कोणती जागा खुली, कोणती राखीव आणि त्या जागेवर कोण नेमलं आहे, हे लिहायची ती वही. अक्कानं पाहिलं तर तिचं नाव राखीव बिंदूवर आणि माझं खुल्या. ती तशीच वर्गावर आली, तास घेतला आणि मधल्या सुट्टीत मला सांगितलं. नियम साधा होता. मागासवर्गातला उमेदवार कुठलीही सवलत न घेता गुणांनी वर आला, तर तो खुल्या जागेवर मोजायचा आणि राखीव जागा त्या वर्गातल्या पुढच्या माणसाला द्यायची. म्हणजे अक्का खुल्या जागेवर, राखीव जागेवर सुमन, आणि मी... मी घरी. संस्थेनं अक्काला राखीव खान्यात ढकललं आणि एका दगडात दोन पक्षी मारले. सुमन बाहेर राहिली, मी आत आले. माझे मामा तेव्हा अध्यक्षांच्या ऊठबशीतले होते, हेही सांगून टाकते.

“तू घाबरू नको,” अक्का म्हणाली. “तुला कोणी काढत नाही. मी चौकशी केली आहे. तुला अतिरिक्त दाखवतील, पुढची खुली जागा निघाली की तिथं बसवतील. सुमन तेवढी आत येईल.” ती हे किती सहज म्हणाली, आणि मला तो एक शब्दच टोचला. अतिरिक्त! असोद्याची हुशार पोर, गावात पहिली एमएस्सी झालेली, आणि अतिरिक्त? त्यात अतिरिक्त शिक्षकाला उचलून कुठल्याही तालुक्यात टाकतात, ही भीती होतीच. माझं लग्न धुळ्यात झालेलं, पोर पाळण्यात. मी काहीच बोलले नाही. अक्कानं त्या जूनमध्ये पहिला अर्ज केला. मग दर जूनला, शाळा उघडली की एक अर्ज. आपलं नाव खुल्या बिंदूवर घ्यावं आणि राखीव जागा भरावी, एवढीच तिची मागणी. अर्जाखाली पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायची नाही.

लोक काय काय बोलले. स्टाफरूममध्ये कुजबुज, की बाईंना ओपनचं म्हणवून घ्यायची हौस आली आहे. नोकरी मिळाली, पगार चालू आहे, आता हिला काय दुखतंय? तिच्याच भाईबंदांतले एक भाऊ घरी येऊन म्हणाले, तुला जातीची लाज वाटते का? त्यांना ती म्हणाली, “लाज वाटली असती तर दाखला फाडला असता भाऊ. मी आपली दाबलेली जागा सोडवते आहे.” आणि अध्यक्षांच्या तोंडावर तिनं आपल्या अहिराणीत सांगितलं होतं, “मनी जागा मनी शे, तिनी जागा तिले द्या.” माझी जागा माझी, तिची तिला द्या, एवढंच तर होतं. एवढं सरळ बोलणं शिकल्यासवरल्या लोकांना तेवीस वर्षं समजलं नाही. समजून घ्यायचंच नव्हतं.

आणि याच स्टाफरूममध्ये रोज डबे उघडले की मेरिटवर प्रवचनं चालायची. आरक्षणानं देश बुडाला, हुशार पोरं मागं राहिली, डॉक्टर कोट्यातला असला तर ऑपरेशन कोण करून घेईल. हे बोलणाऱ्यांत निम्मे संस्थाचालकांच्या नात्यातले. त्यांचं नातं हा कोटा नव्हता, ते मेरिट. माझ्याच भाच्याला डोनेशन भरून इंजिनिअरिंगला घातलं, तेव्हा कोणाचं मेरिट आडवं आलं नाही. पुढं आर्थिक दुर्बलांचं आरक्षण निघाल्यावर आमच्या घरातले, ज्यांच्या बागेत केळीचे ट्रक भरतात, तेही दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहिले. राहावं, ज्याला बसतं त्यानं जरूर घ्यावं. पण मग दुसऱ्याच्या ताटात बघून बोटं मोडू नयेत. अक्का हे सगळं ऐकत भाकरी मोडायची. एकदाच म्हणाली, “तुमच्या मेरिटची यादी नानांनी एकदा लावली होती. चार तास होती फलकावर.” सगळ्यांनी पटापट डबे बंद केले. मीही.

सातव्या की आठव्या अर्जावर एकदाची चौकशी लागली. नाशिकहून अधिकारी आले. संस्थेनं दोन कागद पुढं केले. खुल्या उमेदवारांची यादी वेगळी, राखीवांची वेगळी, दोन्हींत नुसती नावं, गुण नाहीत. एकत्र यादी आम्ही कधी लावलीच नव्हती, म्हणाले. नाना तोवर वारले होते. अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. अक्का समोरच बसली होती. त्यांनी विचारलं, “मॅडम, मुलाखतीच्या दिवशी फलकावर सर्वांची एकत्र यादी तुम्ही पाहिली होती का?” माझ्या डोळ्यांसमोर ती यादी जशीच्या तशी होती, नानांचं तिरकं अक्षरसुद्धा. मी म्हणाले, “आठवत नाही.” दोन शब्द. पुराव्याअभावी प्रकरण बंद झालं. बाहेर आल्यावर अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, “गणित शिकवतेस ना तू?” आणि गेली. दोन महिने बोलली नाही. मग एक दिवस डबा माझ्यासमोर सरकवला. मला वाटलं, माफ केलं. आज वाटतं, माफ वगैरे काही केलं नव्हतं. तिला फक्त माझ्यावर वेळ घालवायचा नव्हता. पुढच्या जूनला तिनं पुन्हा अर्ज दिला.

मला राग कोणाचा येतो ते आता लपवून काय उपयोग? अध्यक्षांचा येतोच. पण त्यांनी जे केलं ते माझ्यासारखीच्या गप्प बसण्यावर केलं. राखीव जागा कोणी खाल्ली असेल तर ती मी खाल्ली, आणि सव्वीस वर्षं लोकांनी कोट्यातली म्हणून बोट दाखवलं ते अक्काकडं. शोकसभेनंतर आठवड्यानं मी पत्र लिहिलं. यादी मी पाहिली होती, क्रम असा असा होता, माझी नेमणूक चुकीच्या बिंदूवर झाली आहे, मी निवृत्त होईन तेव्हा ही जागा अनुसूचित जमातीच्या अनुशेषात धरावी. मुख्याध्यापकांनी वाचलं, चष्मा काढला. “मॅडम, चार वर्षं राहिलीत तुमची. कशाला हा उपद्व्याप? गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?” मी म्हटलं, शिक्का मारा.

मग मी सुमनला भेटायला गेले. साक्रीपर्यंत बस, पुढं काळीपिवळी जीप. डोंगराच्या पायथ्याशी आश्रमशाळा, तिथं ती वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवते. केस पिकलेत. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, “माहीत आहे.” वर्गाच्या मागच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर भिंगं, चुंबकं, तारा, परीक्षानळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर अक्काचं. “दर दुसऱ्या शनिवारी यायच्या,” सुमन म्हणाली. “दिवसभर प्रयोग घ्यायच्या. या शनिवारी पोरं गेटपाशी थांबून राहिली होती.” मला वाटायचं अक्का माहेरी जाते... मी कधी विचारलंही नव्हतं. मी रडायला लागले. सुमन रडली नाही. मी पत्राची प्रत तिच्या हातात दिली. तिनं उभ्यानंच ती दोनदा वाचली.

“हे तेव्हा सांगितलं असतं तर?” तिनं विचारलं.

 मग कागदातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “म्हणजे चार वर्षांनी निघेल ही जागा. माझी मुलगी बीएडला आहे. तिला तुम्ही काही देऊ नका मॅडम. ती परीक्षा देईल, मुलाखत देईल. तुम्ही तोवर तेवढा हा कागद दाबू देऊ नका.”

घंटा झाली. तिनं प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली, फळीवरचं एक भिंग उचललं आणि पोरांना घेऊन उन्हात गेली. मला थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी फळीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून सगळ्या वाचल्या आणि जीप शोधायला निघाले.