तांब्याचं छत्र

“भिंत ठोकू नका!” जपानी घरमालकीणबाई ओरडल्या. ऐंशीच्या पुढच्या, उंचीला माझ्या कोपराएवढ्या, पण आवाज असा, की शेजारच्या उरायासु शहरातल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत पोचला असता.

मी फक्त बोटाच्या पेरानं लाकडी भिंत वाजवून बघत होतो. नारळसुद्धा वाजवून घेणारा माणूस मी. त्यातून एदोगावासारख्या शहरी भागात अख्खं दुमजली घर, आणि भाडं आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटइतकंच. कुठंतरी पाणी मुरत होतं.

“अहो, गप्प उभे राहा,” बायको मराठीत पुटपुटली. “परदेशी माणसांना घर दाखवतायत हेच खूप. मला हे हवंय. इथं खाली कुणी राहत नाही.” फ्लॅटमध्ये आमची लेक धावली की खालचे आजोबा चिठ्ठी टाकत. सहा झाल्या होत्या.

घर बाईंच्या आजोबांचं. इंग्लंडहून ते एक खूळ घेऊन आले होते: यंत्रानं केलेली एकही वस्तू घरात नको. म्हणून तुळयांवर तासणीचे घाव मुद्दाम राखलेले. जिन्याच्या कठड्यावर द्राक्षवेल इतकी दाट कोरलेली, की चिमणी शिरली तर बाहेर यायला नकाशा लागावा. फरशी न फरशी हातानं रंगवलेली. आणि दिवाणखान्यातल्या शेकोटीवर, धूर ओढून घ्यायला, ठोकून घडवलेलं तांब्याचं छत्र, काळंकुट्ट.

“आजूबाजूचं सगळं युद्धात जळलं. हेच कसं राहिलं?” मी त्यांना पकडलंच.

“तेव्हा ते इथं नव्हतं. वडिलांनी नंतर दुसऱ्या गावाहून सुटं करून आणलं.” बाईंनी कपाट उघडून फळ्यांवरचे शाईचे आकडे दाखवले. जुळणीसाठी घातलेले म्हणे. मला तर शाई ओली वाटली.

तेवढ्यात बायकोनं पिशवीतल्या वाणसामानातून चिंच काढली, भिजवली, बाईंना विचारलं आणि छत्राचा कोपरा चोळला. तळहाताएवढं तांबं असं उजळलं, की मी डोळ्यांवर हात धरला. बाईंनी वाकून त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. मग त्यांनी करार पुढ्यात ठेवला.

सही केल्यावर मी शेवटची ओळ वाचली: छत्र, बिजागऱ्या, कड्या, सगळं दर महिन्याला भाडेकरूनं घासायचं. बायको पडद्यांची मापं घेत होती.

“आधीचे भाडेकरू का गेले?” मी विचारलं.

“हात दुखतात म्हणाले,” बाई म्हणाल्या.