चपला घालताना सांगायचं काम

आमच्याकडे कोणाच्या घरी काम घेऊन गेलं, तर ते काम निघताना सांगतात. आधी पाणी, मग चहा, मग कापसाला काय भाव चाललाय, धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलेले आबा आता कसे आहेत, पोरीचं कुठे जमलं का. सगळं बोलून झालं की पाहुणा उठतो, दारात येतो, एक पाय चपलेत घालतो आणि दुसरी चप्पल शोधता शोधता म्हणतो, "हां, ते ट्रॅक्टरचं जरा पाहा ना." तो ट्रॅक्टरसाठी आलाय हे घरातल्यांना तो गल्लीत दिसल्यापासून माहीत असतं. तरी सगळे आत्ताच कळल्यासारखा चेहरा करतात. मी अशा घरात वाढले. त्यामुळे आयुष्यातला पहिला प्रस्ताव मी असाच लिहिला, यात माझा एकटीचा दोष नाही, अशी मी मनाची समजूत घालते.

आमचं गाव धरणगावपासून जवळ. आईनं गल्लीतल्या बायका जमवून बचत गट काढला आणि उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, करून विकायला सुरुवात केली. पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, लसूण, मिरची, तीळ घालायचे आणि ऊन वर यायच्या आत आमच्या गच्चीवर बिबड्या थापायच्या. जळगावचा एक दुकानदार माल घ्यायचा. गेल्या उन्हाळ्यात वाळत घातलेल्या बिबड्यांवर वावटळ फिरली. बायकांनी फडक्यांनी धूळ झटकली आणि माल पाठवला. दुकानदारानं तो परत केला. म्हणाला, दाताखाली कचकच लागते, पुढच्या उन्हाळ्यात असाच आला तर मी दुसरीकडून घेईन. म्हणजे गट बंद आणि बायका पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणीला. यावर उपाय एकच होता, वर पत्रा आणि चारही बाजूंनी बारीक जाळी असलेली शेड. जळगावची एक संस्था अशा कामांना मदत करते असं कळलं. त्यासाठी प्रस्ताव द्यावा लागणार होता.

"आपली पोर शिकेल शे. ती लिखी दी," शेजारची मावशी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आई पदर सावरून जरा ताठ बसली. मला शिकवताना तिनं काय काय सोसलं ते मला माहीत आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता ती पदवी कामाला लागणार होती.

माझी तयारी किती होती ते सांगते. हायस्कुलात अर्जाचा एकच नमुना शिकवला होता, "ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकले नाही." पुढे धुळ्याला एम. ए. केलं, तिथे कवितेचं रसग्रहण शिकले. ताप आणि रसग्रहण यांच्या मधलं मला काही येत नव्हतं. तरी मी जोरात कामाला लागले.

पहिल्या पानावर सातपुडा आला. मग तापी आली. मग गावाचा इतिहास, काळी कसदार जमीन आणि स्त्रीची महती. त्यानंतर ऋणनिर्देश. त्यात सरपंच, तलाठी, माझे सगळे गुरुजन आणि "ज्ञात-अज्ञात हितचिंतक" होते. अजून कोणी काही दिलेलं नव्हतं, पण आभार मानून ठेवलेले बरे. बिबडीवर मी जे लिहिलं ते वाचून मलाच भूक लागली. अगदी शेवटच्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात, "सदर भगिनींना एखाद्या भव्य निवाऱ्याची छाया लाभल्यास" असं अर्धं वाक्य होतं. ते पूर्ण करायची हिंमत झाली नाही, म्हणून पुढे टिंबं दिली.

गच्चीवर सगळ्यांना बसवून मी ते मोठ्यानं वाचलं. तापीपाशी एकीनं डोळे पुसले. वाचून झाल्यावर मावशी म्हणाली, "बठ्ठं उनं व माय! काहीच नही राह्यनं." सगळं आलं, काही राहिलं नाही, असंच माझंही मत होतं. धरणगावला जाऊन मी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून घेतलं.

जळगावच्या कार्यालयात एक मॅडम होत्या, पुण्याकडून आलेल्या. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पानं भराभर उलटायला लागल्या.

"छान लिहिता तुम्ही. गावावर पुस्तक करताय का?"

"नाही मॅडम, प्रस्ताव आहे."

"अच्छा. मग तुम्हाला हवंय काय?"

आता सरळ सांगायचं की नाही? पण त्यांनी अजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "काही नाही मॅडम, तुम्ही जळगावात कधीपासून? ऊन सोसतंय का?" त्यांनी मला नीट पाहून घेतलं. ऊन सोसत नाही म्हणाल्या. मग मी त्यांच्या आईवडिलांची चौकशी केली. बाहेर बसलेली माणसं खोकायला लागली तेव्हा त्यांनी प्रस्ताव परत माझ्या हातात दिला. मी नमस्कार केला, दाराबाहेर काढलेली चप्पल पायात सरकवली आणि मान आत घालून म्हणाले, "हां, ते आमच्या बायकांना बिबड्या वाळवायला जाळीची शेड मिळाली असती तर, मागच्या वर्षी धुळीनं माल परत आला ना."

मॅडम हसायलाच लागल्या. "अहो, परत या आत! हे वाक्य कुठंय यात?"

मी शेवटच्या पानावरची टिंबं दाखवली.

"हे पहिल्या पानावर आणा," त्या म्हणाल्या. "समितीतली माणसं पहिलं पान वाचतात, पटलं तर दुसरं. अडचण काय, हवंय काय, जागा कोणाची, तुम्ही स्वतः काय करणार आणि उद्या ते नीट चाललंय हे आम्ही कशावरून ओळखायचं. एवढंच. सोमवारी बैठक आहे, त्याआधी द्या. आणि तापी बाजूला राहू द्या."

घरी येऊन मी कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य लिहिलं, "आम्हाला शेड हवी आहे." वाचून माझेच कान तापले. आईला दाखवलं तर ती मागेच सरकली.

"पह्यलेज मागनं? भिकारी भी आधी देवनं नाव लेस."

"मॅडमनीच सांगितलंय, माय."

"त्या पुनाना शेतस. त्यासले काय समजस."

संध्याकाळी बायका जमल्या. शेड केवढी हवी, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. "भव्य" असं लिहून मोकळी झाले होते. मावशी म्हणाली, "भव्य कसाले? तठे काय लगीन लावनं शे का?" मग वाद सुरू झाला. पत्रा नुसता नको, खाली सावलीत बिबड्या वाळणार कशा? मध्ये ऊन यायला पारदर्शक पत्रे हवेत. ग्रामपंचायतीची मोकळी जागा मिळते का ते आई विचारणार. शेडखालच्या ओट्याची माती आणि दगड बायका स्वतः वाहणार. जाळी फाटली तर गट शिवून घेणार. मी लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, एम. ए. बाई, हे सगळं आधी विचारायला काय झालं होतं?

एक गोष्ट राहिली होती. अडचण काय, या ठिकाणी मी लिहिलं, "धूळ बसल्यामुळे दुकानदारानं आमचा माल परत केला." जुन्या प्रस्तावात हे वाक्य नव्हतं. तिथे बिबडीची नुसती कीर्ती होती.

वाक्य ऐकून बायका आईकडे पाहायला लागल्या. आईच्या हाताची बिबडी म्हणजे भावकीत नाव. परत आलेली पोती तिनं आतल्या खोलीत नेऊन वर गोधडी टाकली होती.

"माल परत उना, हाई लिखशी?" ती हळू आवाजात म्हणाली. "मनी सख्खी बहीनले भी नही सांगेल मी."

माझ्याकडे उत्तर होतं, मॅडमचंच. अडचण लिहिली नाही तर शेड कशासाठी हवी? पण ते तिला ऐकवायला माझी जीभ उचलेना. शेवटी मी म्हणाले, "तू म्हणशील तर काढून टाकते. मग शेड मिळेल असं मला वाटत नाही."

मावशीनं मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, तिला दुसरीनं कोपर मारलं. आई बराच वेळ ओट्यावरच्या ज्वारीत हात फिरवत राहिली, खडे निवडल्यासारखा. ज्वारी निवडलेलीच होती.

"लिख," ती म्हणाली. "पन कॉम्पुटरवर चांगला अक्षरमा लिख."

नवा प्रस्ताव इतका बारीक झाला की त्याला कव्हर घालायची लाज वाटली. मी तो साध्या फाईलमध्ये ठेवून सोमवारच्या आधी पोचवला आणि दारातून मागे वळून एक शब्दही बोलले नाही. जड गेलं.

काही दिवसांनी मॅडम जागा पाहायला गावात आल्या. आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि म्हणाल्या, "मंजूर झालंय हं. उन्हाळ्याआधी शेड उभी राहील."

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. "आधी पानी तं प्या," ती म्हणाली. पाणी झालं, चहा झाला, पुण्याच्या सासूबाईंची चौकशी झाली, तेव्हा कुठे तिनं मला आत बोलावून विचारलं, "खरंज देतीस का व?" उंबऱ्यात सांगितलेल्या बातमीवर तिचा विश्वास बसला नव्हता. मी तीनदा हो म्हणाले.

मॅडम निघाल्या. त्या चपला घालत होत्या आणि आई दारात येऊन म्हणाली, "हां, ते एक सांगनं व्हतं..."

मी डोळे मिटले. मॅडमना आता सवय झाली होती. त्यांनी पर्समधून वही काढली. "बोला ना अक्का, काय हवंय?"

आईनं पदराखालून पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. कणगीच्या आडोशाला, फडक्याखाली, आतल्या खोलीत तिनं एकटीनं नव्यानं वाळवलेल्या बिबड्या होत्या.

"यामा कचकच नही," ती म्हणाली. "मी खाई देखेल शे."