शिलाई मशीनवरची नावं

बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तिकडून एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. "काका, तुमचा एक जबरदस्त फोटो सापडलाय," तो म्हणाला आणि त्याने तो नातीच्या मोबाईलवर पाठवला. मीना सलमान बंदरातलं आमच्या कंपनीचं गोदाम. लाकडी खोक्यांतून काढलेली शिलाई मशीनं ओळीने मांडलेली आणि त्यांच्यामागे आम्ही कार्यकारिणीचे लोक टाय लावून उभे. माझा हात एका मशीनवर आहे, जणू ते मीच घडवलं. फोटोखालची ओळही त्याने तयार ठेवली होती: 'आफ्रिकेतील स्त्रियांच्या हक्कांसाठी मंडळाने उभारलेला निधी.'

त्या ओळीतला 'आफ्रिकेतील' एवढाच शब्द खरा आहे. फोटोतले बाकीचे सगळे गेले. मी उरलोय, म्हणून लिहितो.

सौदीला जोडणारा पूल तेव्हा झाला नव्हता. मी मीना सलमानला माल सोडवणाऱ्या एका कंपनीत कारकून होतो. जहाजावरून उतरलेल्या मालाचे कागद करायचे आणि जाणाऱ्या मालाचेही. संध्याकाळी मंडळ. मंडळाचा मी खजिनदार होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आम्ही जुफैरला एका जुन्या दुमजली घरात वर राहायचो. खाली रायगडकडचं एक कोकणी मुसलमान कुटुंब होतं. नवरा माझ्याच ऑफिसात टायपिस्ट. त्याची बायको, आमची भाभी, मोंबासाला जन्मली आणि वाढली होती. तिचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, त्यामुळे तिच्या तोंडी असे शब्द यायचे जे आमच्या गावातही कुणी वापरत नव्हतं. माझ्या बायकोचं आणि तिचं चांगलं जमलं. दुपारी एकीच्या घरात भाजी निवडली जायची आणि दुसरीच्या घरात शिजायची.

भाभीची शाळेतली एक मैत्रीण तिकडे मोंबासापासून आत एका गावात मास्तरीण होती. आफ्रिकन. तिचा नवरा वारला आणि दिरांनी तिला सांगितलं की घर आमच्या भावाचं, तू मुलांना ठेव आणि जा. अशा बऱ्याच बायका त्या भागात होत्या. त्या एकत्र आल्या होत्या. गावची सभा भरली की तिथे जाऊन बसायच्या, उठवलं तरी उठायच्या नाहीत. त्यांनी ठरवलं होतं की मास्तरणीचा खटला आधी लढवायचा. एकीचं घर राहिलं तर पुढच्या बाईला हाकलताना दीर दोनदा विचार करतील. त्यासाठी वकील हवा होता, तालुक्याला जायला बसभाडं हवं होतं आणि गावोगाव वाटायला पत्रकं छापायची होती. भाभी ते सगळं पत्रातून वाचून दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "त्यांना कपडेलत्ते नकोत वहिनी. त्यांना कोर्टात उभं राहायचंय."

संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं होतं. आमच्या बायका दरवर्षी मनामाच्या बाजारातून वाण आणायच्या. प्लास्टिकच्या चाळण्या, साबणाच्या डब्या, स्टीलच्या वाट्या. माझ्या बायकोने सगळ्यांना सांगितलं, "प्रत्येकीच्या घरात आता चाळण्याच चाळण्या झाल्यात. यंदा वाण नको. ते पैसे एका डब्यात टाका." कुरकुर झाली, पण टाकले.

त्या हळदीकुंकवाला भाभीही होती. गोदीतल्या एका फोरमनची विधवा बहीण त्याच्याकडे राहायला आलेली होती. सगळे तिळगूळ तिने वळले होते आणि ती स्वयंपाकघरात बसून होती. भाभीने आत डोकावून पाहिलं आणि बाहेर येऊन मोठ्याने विचारलं, "मला मुसलमानणीला पाटावर बसवता, आणि ही आत? आणि पैसे कुणासाठी जमवताय, विधवेसाठीच ना?"

माझी बायको पुटपुटली, "पद्धत आहे." रात्री तिने मला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती त्या फोरमनच्या घरी गेली आणि पैशांचा डबा त्या बहिणीच्या हातात देऊन म्हणाली, "हा आता तुमच्याकडे."

मग त्यांनी शुक्रवारी जेवण विकायला सुरुवात केली. कामगारांच्या कॅम्पवर एकटी राहणारी आमच्याकडची माणसं, ड्रायव्हर, फिटर, सुतार, शुक्रवारच्या सुट्टीला घरच्या चवीसाठी कुठेही यायची. आमच्या अंगणात बांगड्याच्या कालवणाची पातेली लागायची. देवगडकडचा एक ड्रायव्हर एकदा म्हणाला, "वहिनी, आफ्रिकेतल्या बायकांना हक्क मिळाले की मग त्या कालवण करायच्या बंद होतील, बघा."

"होऊ देत की," बायको म्हणाली. "तू शिक करायला. म्हणूनच तर तुझ्याकडून पैसे घेतोय."

तो हसला आणि त्याने आणखी एक वाढप घेतलं. त्या माणसांना सगळं माहीत होतं, पैसे कुठे जाणार तेही. एकानेही कधी विचारलं नाही की त्या बायका आपल्या कोण.

खटल्याची तारीख जवळ आली तशी रक्कम पुरेशी झाली. बायकांचं वेगळं खातं नव्हतं, म्हणून डबा माझ्याकडे आला. फोरमनच्या बहिणीने तो स्वतः आणून दिला. "भाऊ, नीट पोचवा हं," एवढंच म्हणाली.

मला फक्त बँकेत जाऊन ड्राफ्ट काढायचा होता. पण मी खजिनदार होतो. मंडळातल्या बायकांनी जमवलेले पैसे म्हणजे मंडळाचे पैसे, आणि मंडळाचे पैसे म्हणजे कार्यकारिणीपुढे ठेवायचे, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. कुणी मागितलं नव्हतं. मीच विषय यादीवर घातला.

अध्यक्ष एका बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोर्टकचेरी? परक्या देशात? अहो खजिनदार, आपण इथे व्हिसावर राहतो. उद्या कुणी विचारलं की तुमचं मंडळ कुठल्या भानगडीत पैसे घालतं, तर?"

"बायकांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मग बायकांना उपयोगी पडेल असं द्या ना. वकिलाला दिलेले पैसे दिसतात कुठे?"

आमच्याकडे देणगी म्हणजे नाव. देवळाच्या पायरीवर नाव, सभागृहातल्या पंख्याच्या पात्यावर नाव, शाळेच्या बाकावर नाव. कोर्टाच्या फीवर नाव रंगवता येत नाही. कुणीतरी म्हणालं, "शिलाई मशीन!" आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. हाताला काम, घरबसल्या उत्पन्न आणि प्रत्येक मशीनवर एका देणगीदाराचं नाव. जेवण विकणाऱ्या बायकांची नावं नव्हेत. ज्यांनी वर थोडी भर घातली, त्या आमची.

"यल्ला, चला, ठराव घ्या," अध्यक्ष म्हणाले. "आणि जहाजाचं तर आपले खजिनदार बघतीलच. बंदर त्यांचंच आहे."

सगळे हसले. मीही हसलो.

मी का बोललो नाही, हे लिहायलाच हवं. माझ्या धाकट्या भावाला बहारीनला आणायला लागणारा एनओसीचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर होता. त्याच्या नोकरीसाठी मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. ते त्या सभेत त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. ठराव झाला आणि पुढच्या आठवड्यात कागदावर सही झाली.

घरी मी खोटं बोललो. बायकोला आणि भाभीला सांगितलं की बँक अशा कामासाठी तिकडचा ड्राफ्ट देत नाही, मंडळाने खूप प्रयत्न केला, शेवटी वस्तू पाठवायचं ठरलं. भाभी म्हणाली, "मशीन? आता?" आणि थोड्या वेळाने, "बरं, त्या विकतील. विकून भरतील फी."

मी मान हलवली. पण तिला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. ते माझं रोजचं काम होतं. माल फुकट पाठवला तरी फुकट पोचत नाही. तिकडच्या बंदरात तो सोडवायला जकात भरावी लागते, आणि उशीर झाला तर गोदामाचं भाडं चढत जातं. ते ज्याच्या नावावर माल आहे त्याने भरायचं. खोक्यांवर मी स्वतःच्या हाताने त्या मास्तरणीचं नाव घातलं. जहाजाचं भाडं कंपनीकडून माफ करून घेतलं आणि त्याबद्दल सभेत टाळ्या मिळवल्या. जकातीचा विषय मी काढला नाही. काढला असता तर ठराव पुन्हा उघडावा लागला असता.

पुढचं सगळं भाभीला आलेल्या पत्रांतून कळलं. माल अडकला. वकिलासाठी त्यांनी आपसात जमवलेलं जे थोडं होतं, ते मशीनं सोडवण्यात गेलं. त्यांना वाटलं की विकून लगेच भरून काढू. पण तेवढ्यात मंडळाचं पत्र तिकडे पोचलं: स्त्रिया मशीनवर काम करत असल्याचा फोटो पाठवावा, म्हणजे पुढच्या मदतीचा विचार करता येईल. ते पत्रही माझंच. पुढची मदत मिळेल या आशेने त्यांनी मशीनं विकली नाहीत, फोटोवाल्याची वाट पाहत ठेवली. आणि विकायला काढली तेव्हा त्यांच्यावर आमची नावं तेलरंगात रंगवलेली, तिथे कुणालाही न वाचता येणाऱ्या अक्षरांत. घेणारे म्हणाले, हा चोरीचा माल असेल.

तारखेला मास्तरणीच्या बाजूने वकील उभा राहिला नाही. घर दिरांकडे गेलं. तिच्या खोलीत ठेवलेलं एक मशीनही घरातलं सामान म्हणून त्यांनी ठेवून घेतलं.

फोटो मात्र आला. अध्यक्षांनी तो सभेत फिरवला आणि वाहवा झाली. मी तो नीट पाहिला. बायका मशीनांमागे ताठ बसल्यात. एकाही मशीनवर कापड नाही.

त्यानंतर एका दुपारी भाभी वर आली. बायको कोथिंबीर निवडत होती, मी पेपर वाचत होतो. भाभी बसली नाही. "भाई," तिने विचारलं, "ड्राफ्ट खरंच निघत नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो.

"बँकेत कोण गेलेलं?"

"मीच."

तिने पर्समधून एक कागद काढून पेपरवर ठेवला. ड्राफ्ट होता, मोंबासाचा, मास्तरणीच्या नावाचा. भाभीने स्वतःच्या बांगड्या मोडून काढला होता. "सकाळी गेले," ती म्हणाली. "बँकेतला माणूस चहा पीत होता. त्याने चहा संपवायच्या आत दिला." मग कागद उचलून तिने पुन्हा पर्समध्ये ठेवला. "आता काही उपयोग नाही. पण भाड्याने खोली तरी घेईल ती."

ती मला एक संधी देत होती, आणि मी तिच्या तोंडावर पुन्हा खोटं बोललो होतो. ती जिना उतरून गेल्यावर बायकोने कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या, केरात टाकल्या, हात धुतले. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "भावाची एनओसी कधी आली होती हो?"

मी तारीख सांगितली.

"हं," ती म्हणाली.

बायकोने परत कधी हळदीकुंकू केलं नाही. शुक्रवारची पातेली बंद झाली. ड्रायव्हर, सुतार विचारायचे, "वहिनी, आफ्रिकेचं काय झालं?" त्यावर ती म्हणायची, "तुमच्या भाऊंना विचारा." आणि मी सांगायचो की आम्ही मशीनं पाठवली. ते खूश व्हायचे. फोरमनच्या बहिणीने मात्र विचारलं नाही. ती रस्त्यात दिसली की पदर पुढे ओढून बाजूने जायची.

भाभीच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते गावी गेले. निघताना ती माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, "येते भाई." एवढंच. माझा भाऊ तिथल्या सनद नावाच्या भागात खोली घेऊन पुढे बरीच वर्षं बहारीनमध्ये राहिला, त्याची मुलं तिथेच शिकली. आजही तो म्हणतो, दादा होता म्हणून मी माणसात आलो. कुणाच्या घराच्या बदल्यात, ते मी त्याला सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.

मंडळात पुढे कुणीतरी असं पसरवलं की त्या आफ्रिकेतल्या बायकांनाच काही सांभाळता आलं नाही, एवढी मशीनं दिली तरी. मी तेही खोडून काढलं नाही. मला ते सोयीचं होतं.

हे सगळं मी त्या तरुण कार्यकर्त्याला लिहून पाठवलं. त्याचा फोन आला. "काका, मनापासून लिहिलंत. पण सुवर्णमहोत्सव आहे ना, जरा जड होतंय. फोटोखाली तुमच्या मनाप्रमाणे दोन ओळी घालू का?"

मी म्हणालो, घाल. पैसे बायकांनी कालवण विकून जमवले, कोर्टाच्या फीसाठी. पुरुषांनी त्या पैशांची मशीनं घेतली, स्वतःच्या नावांसाठी.

तो म्हणाला, "बघतो, इंशाल्ला." तो छापणार नाही, हे मला माहीत आहे. आम्हीही असंच म्हणायचो.

तिकडून आलेला तो दुसरा फोटो अजून माझ्या कपाटात आहे. परवा भिंग घेऊन पाहिला. कापड नसलेल्या मशीनांमागे बसलेल्या त्या बायकांपैकी एकीचं घर माझ्यामुळे गेलं. ती त्यांतली कोणती, हे मी भाभीला कधी विचारलं नाही.