दादाची वाटी सरकली नव्हती

तो फलक मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी पेठेवर बरंच तोंड सोडणार आहे.

कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम पेठेपेठेतल्या तालमींच्या, आणि फायनलआधी पेठापेठांत डिजिटल फलक लागतात. समोरच्या तालमीला झोंबेल असं लिहायचं, एवढीच त्यातली अट. मोर्च्यांची पत्रकं लिहून माझा हात बसलेला, म्हणून आमच्या तालमीचं काम माझ्याकडं. माझा थोरला भाऊ टीमचा गोलकीपर. त्याचा फोटो लावून खाली मी लिहिलं, ‘हितनं मुंगीबी आत जात न्हाय.’

टायब्रेकरमधला शेवटचा बॉल दादाच्या हाताला लागून आत गेला. दुसऱ्या दिवशी समोरच्या पेठेनं तोच फोटो, तेच वाक्य छापलं आणि खाली जोडलं, ‘मुंगी गेली. मागनं बॉलबी गेला.’

मला हसू आलं होतं. खोटं कशाला बोलू? दादा हसला नाही.

मग सुरू झालं. दूध कट्ट्यावर, पंपावर, कुठंही तो दिसला की कुणीतरी ओरडायचं, “भावा, मुंगी आली बघ!” त्यात परक्यांपेक्षा आमच्याच पेठेचे जास्त. आधी त्याची झोप गेली. मग सकाळी दात घासताना कोरड्या उलट्या. डोक्यात मागं रुपयाएवढी चाई पडली, तिथले केसच गेले, तर भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालायला लागला. पोट तर रोजच दुखायचं; जेवण जायचं नाही, दुखायच्या गोळ्या गिळून दिवस काढायचा.

तालमीत पोटदुखीला एकच निदान: बेंबीखालची वाटी सरकली. वस्तादांनी त्याला उताणा झोपवला आणि तेलाचा अंगठा बेंबीभोवती रुतवला.

“सरकलीया. चांगली दोन बोटं.”

“वस्ताद, झोप लागंना झालीया,” दादा म्हणाला.

“वाटी जाग्यावर आली की लागतीया. झोप न्हाय, झोप न्हाय, पैलवानाच्या घरातला न्हवं तू? उद्या प्रॅक्टिसला ये गुमान.”

अशी चार वेळा वाटी बसवली. दर वेळी दादा उठून म्हणायचा, “बरं वाटतंय.” आम्हा सगळ्यांना ते सोयीचं होतं. वाटी सरकली म्हटलं की दोष कुणाचाच नाही. सरकली, सरकली.

आणि या काळात मी काय करत होतो? स्टँडवर ‘ताण अंगावर काढू नका’ अशी पत्रकं वाटत होतो! लक्षणांची यादी मीच केलेली: झोप, पोट, उलट्या, केस. गठ्ठे घरात दादाच्या कॉटखाली. त्यावर पाय ठेवून तो बुटाच्या नाड्या बांधायचा.

नव्या हंगामाच्या पहिल्या मॅचआधी त्याला उलटी झाली. काळपट, चहाच्या चोथ्यासारखी. “तोंडावर पाणी मारा, मॅच हाय,” कुणीतरी म्हणालं. मी त्याला रिक्षात घातलं.

पोटात जखम होऊन रक्त जात होतं. डॉक्टर बाईंनी विचारलं, “दुखायच्या गोळ्या उपाशीपोटी किती दिवस खाताय?” दादानं टोपी खाली ओढली. “जेवण का जात नाही? कसली काळजी आहे का?”

कॉटभोवती वस्ताद आणि टीममधले चौघं उभे. दादानं त्यांच्याकडं बघितलं.

“न्हाय ओ. वाटी सरकलीया नुसती.”

मग मी बोललो. फलक, मुंगी, झोप, गोळ्या, टोपीखालची चाईसुद्धा.

“चारचौघांत भावाची अब्रू काढतोस व्हय रं?” वस्ताद गरजले.

“अब्रू कवाच घालवली की आपण. आता रक्त चाललंय त्याचं, ते तरी थांबू दे!”

दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

रक्त थांबलं. खेळणं त्यानं सोडलं. माझ्याशी फारसं बोलत नाही; त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. दर मंगळवारी तो मनाच्या डॉक्टरांकडं जातो, टोपी घालून, मागच्या बोळातनं, कुणी बघू नये म्हणून. मी दहा पावलं मागं चालतो. त्यानं नको म्हटलेलं नाही.

परवा त्या बोळाच्या तोंडाशी गाडीवरनं कुणीतरी ओरडून गेलं, “मुंगी!” दादानं मागं वळून बघितलं नाही. नुसता त्याचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला, दवाखाना येईपर्यंत.